दूध तोडणारी भागरताबाई

भागरताबाईनं माझ्या देखत एका सरपंचाला मांडी घालून खाली बसवलं, त्याच्या मांडीवर कुत्रीचं पिल्लू ठेवलं आणि हातात पेजेची वाटी दिली, त्या दिवसापासून मी या बाईला घाबरायला लागलो. त्याआधी मी फक्त तिच्या कोंबड्याला घाबरत होतो.

पोंभुर्ण्याच्या पुढं डांबरी सडक जिथं दमून बसते, तिथून आत सहा किलोमीटरवर हे गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक एका रेडकाच्या प्रकरणावरून अजून माझी वाट बघतात असं ऐकतो. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो. परिचर म्हणजे डॉक्टरसाहेब येईपर्यंत जनावराची शेपटी धरून उभा राहणारा माणूस. साहेब आठवड्यातून दोन दिवस यायचे. उरलेले पाच दिवस शेपट्या माझ्या, आणि लाथाही माझ्याच. खोली मिळाली ती भागरताबाईच्या शेजारची, मधे फक्त तुराट्यांचं कुंपण. त्या कुंपणातून तिचा आवाज असा यायचा, की दोन वर्षांत मला गजराच्या घड्याळाची गरज पडली नाही आणि झोप म्हणून जी गोष्ट असते तिची ओळखही राहिली नाही.

बाई उंचीनं तुरीच्या झाडाएवढी, अंगानं त्याच तुरीच्या वाळल्या काडीएवढी. आवाज मात्र धान मळायच्या यंत्राचा. वय विचारलं तर म्हणायची, "माह्या मायच्या बाळंतपनात मी हजर होती, पन तवा मले मोजता येत नोतं."

तिची एक सवय मला कधी उलगडली नाही. माणसांना ती 'तू' म्हणे, मग तो तलाठी असो की जावई. पण कुत्र्याच्या पिल्लाला कायम 'तुमी' आणि वर 'जी'. अंगणात बसून वितभर पिल्लाला अदबीनं म्हणायची, "खा जी, खा. तुमच्या बापानं तुमाले पाह्यलं नाई, मी तरी पाहते." एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, हे उलटं कसं?"

"काऊन? माणसाले मान देऊन पाह्यला ना भाऊ. माजते."

मूळचा तिचा धंदा सुईणीचा. गावातली आणि आसपासच्या चार टोल्या-पाड्यांवरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, आणि उरलेली निम्मी तसं सांगतात. पण बाळंतपणापेक्षा तिचं नाव होतं दूध तोडण्यात. पोर अडीच-तीन वर्षांचं झालं, गोट्या खेळून यायचं, आणि आल्या आल्या आईच्या पदराखाली शिरायचं, अशा वेळी भागरताबाईला बोलावणं जाई. तिची हत्यारं दोनच. एक कडुनिंबाच्या पाल्याचा लेप आणि दुसरं धडधडीत खोटं. लेप आईला लावायचा आणि पोराला सांगायचं, तुझं दूध मावशीच्या बकरीनं नेलं. गावात आज चांगले मिशीवाले लोक आहेत जे बकरी दिसली की वाट बदलतात.

मग सडक झाली, अँबुलन्स आली, बाळंतपणं दवाखान्यात जाऊ लागली आणि बाईच्या हाताला काम राहिलं नाही. सहा महिने ती अंगणातल्या अंगणात येरझारा घालत होती म्हणतात; जमिनीत पायवाट पडली, पावसात तिचा ओढा झाला. तेवढ्यात कोणाच्या तरी कुत्रीला बिबट्यानं उचललं. मागं पाच पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. ती बाईनं पदरात घातली आणि जगवली. तेव्हापासून गावातल्या कोणत्याही कुत्रीची पिल्लं तीन-साडेतीन आठवड्यांची झाली, की ती भागरताबाईच्या अंगणात. आईच्या दुधावरून अन्नावर आणायचं काम बाईचं.

आणि आणायचं कसं, तर साग्रसंगीत. माणसाच्या पोराचं उष्टावण होतं ना, मामाच्या मांडीवर बसवून पहिला घास देतात, तसं पिल्लाचंही झालं पाहिजे हा तिचा कायदा. मामा कोण? ज्या घरून कुत्री आणली त्या घरचा पुरुष. यातून सुटका नाही. सरपंचाच्या घरची कुत्री दुसऱ्या आळीत दिली होती, तिला पिल्लं झाली, म्हणून सरपंच.

"बाई, मी सरपंच आहो," तो म्हणाला. पांढरा पायजमा, ग्रामसभेला निघालेला.

"असशीन. कुत्री तुह्या घरची होय का नाई?"

"होय, पन—"

"मंग मामा कोन? कलेक्टर?"

बसला बिचारा. पिल्लानं बोटावरची पेज चाटली, एकदा सरपंचाच्या तोंडाकडे बघितलं आणि पांढऱ्या पायजम्यावर मनसोक्त मोकळं झालं. बाईनं हात जोडले. "झालं. मामाले आहेर पोचला."

आता यात विद्या किती आणि थोतांड किती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, "अरे, वय झालं की पिल्लू आपोआप खातं. बाईकडे नेईपर्यंत वय होतंच." मला हे एकदम पटलं. पण ज्या एका घरानं बाईला टाळलं, त्यांचं कुत्रं मी स्वतः पाहिलं आहे. वासराएवढं झालं होतं आणि अजून आईच्या मागं मागं फिरायचं. आई त्याच्या पोटाखालून निघून जायची. साहेबांना दाखवलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

बाईची स्वतःची कुत्री म्हणजे कोतवालीण. चुलीतल्या राखेचा रंग, एक कान फाटका. ती आमच्या दवाखान्याच्या जीपमागं पोंभुर्ण्याहून धावत आली होती आणि बाईच्या अंगणात दम खायला थांबली, ती थांबलीच. नाव कोतवालीण, कारण राखण तिच्याइतकी कोणी केली नसेल. जंगलात बाईबरोबर जायची. रानडुक्कर असलं तर भुंकायची. अस्वल असलं तर गुरगुरत मागं सरायची. आणि तो असला तर, जंगलात त्याचं नाव घेत नाहीत, अंगावर पट्टे असतात एवढं सांगतो, तो असला तर आवाजच करायची नाही. गुपचूप यायची आणि बाईच्या उजव्या पायावर बसायची. मग बायका टोपल्या उचलून, पाठ न दाखवता, आल्या वाटेनं परत. मागच्या हंगामात ती दोनदा अशी बसली. दोन्ही वेळा मागाहून कोणी ना कोणी गुराख्यानं त्याला त्याच बाजूला पाहिलं.

हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. होळीच्या आगंमागं मोह पडायला लागतो. उजाडता उजाडता झाडाखाली जायचं, गुरं आणि हरणं पोचायच्या आत फुलं वेचायची. फुलं वेचायला वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. आदल्या साली शेजारच्या गावची एक बाई मोहाला गेली ती परत आली नाही. आमच्या आळीतल्या रेवताची ती मावसबहीण. तेव्हापासून भागरताबाई धरून आळीतल्या पाच बायका कोतवालिणीशिवाय जंगलात पाऊल टाकत नव्हत्या.

आणि त्या साली संक्रांतीच्या पाठोपाठ कोतवालिणीला सहा पिल्लं झाली.

बाई माझ्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. "भाऊ, मोह पडायले दोन महिने नाईत. पिल्लं अंगावर असताना ते त्यायले सोडून दहा पावलं येत नाई. सहा जनाचं दूध तोडा लागते."

"तोडू की," मी म्हणालो. माझं काय जात होतं?

"तोडू नाई, तोडशीन. कोतवालीण दवाखान्याच्या मागं आली. माहेर दवाखान्याचं. मामा तू."

तर असा मी सहा पिल्लांचा मामा झालो. सरकारी नोकरीत याची नोंद कुठं करतात, मला माहीत नाही.

साडेतीन आठवडे झाले तशी बाई रोज एकेकाच्या तोंडात करंगळी घालून दात बघायची. दात टोचले त्या दिवशी तिनं बकरीच्या दुधात भाताची पातळ पेज केली, परातीत ओतली आणि माझ्या मांडीवर एकेकाला देऊन उष्टावण उरकलं. पहिल्यानं, ज्याच्या एका पायाची बोटं पांढरी होती, पेज सोडून माझं बोट धरलं आणि असं धरलं की दोघांनी ओढून सोडवावं लागलं. नंतर परात पुढं ठेवली. चार पिल्लं परातीत उतरली. पाचवं काठावरून मधे पडलं आणि तिथंच झोपलं. पांढऱ्या बोटांवालं परातीला प्रदक्षिणा घालून माझ्या चपलेवर येऊन बसलं. पेज अंगाला लागली, नाकाला लागली, माझ्या चष्म्याला लागली. पोटात थेंब गेला नाही. बाहेर निघाल्यावर मात्र सगळी एकमेकांना चाटत बसली.

"चाललं," बाई म्हणाली. "आज आंग जेवलं, उद्या पोट जेवन."

पण पोट काही जेवेना. परात दिसली की पिल्लं आंघोळीला आल्यासारखी यायची आणि ओल्या अंगानं आईला जाऊन बिलगायची. चार दिवसांनी बाईनं जुनं हत्यार काढलं. कोतवालिणीला आडवी करून कडुनिंबाचा लेप लावला. पिल्लं आली, चाटलं, तोंडं वाकडी केली, शिंकली. बाई खूश. दुसऱ्या दिवशी तोंडं थोडी कमी वाकडी झाली. तिसऱ्या दिवशी लेप लावायला उशीर झाला तर पिल्लं लेपासाठी रडायला लागली. देवाशपथ. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात, पण निंबाला चटावलेली पिल्लं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

बाई पहिल्यांदा गोंधळलेली दिसली. हातातला पाट्यावर वाटलेला लेप बघत म्हणाली, "माणसाच्या पोट्ट्याले चालते. यायले काऊन नाई?" मला काय माहीत! मी मामा.

त्यातच माझ्याकडून ते घडलं. एका दुपारी बाई शेतावर गेली होती. मी कुंपणातून पाहिलं तर कोतवालीण मागच्या परसात मान खाली घालून ओकत होती. थोड्या वेळानं परत ओकली. शेतात डुकरांसाठी कोणी काय टाकून ठेवतं, कुत्री फिरून काय खाते, कोणाला ठाऊक? कोतवालीण गेली तर आळीचा मोह गेला, मोहाबरोबर कोण जाईल सांगता येत नाही. मी दवाखान्यात धावलो, उलटीचं औषध आणलं, जबडा उघडून पाजलं. दुसऱ्या दिवशीही पाजलं. उलट्या बंद! मी छाती फुगवून आळीतून दोन चकरा मारल्या.

पण पिल्लांनी अंगण डोक्यावर घेतलं. आईच्या तोंडाशी जायची, तिचे ओठ चाटायची, किंचाळायची. आई गोंधळून त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. बाईनं दोन दिवस हा तमाशा पाहिला आणि मला विचारलं, "काय देलं तुनं तिले?"

मी अभिमानानं सांगितलं.

"ओकत नोती भैताडा! वाढत होती!"

"काय?"

"पिल्लायले वाढत होती. आई बाहेर फिरून पोटभर खाते, येते, पिल्लायच्या म्होरं टाकते. गरम, मऊ, चावलेलं. कुत्र्याच्या जातीत हेच जेवन. तुनं तिचं सैपाकघर बंद केलं! परिचर होय का कोन होय बे तू?"

मी म्हणालो, "मग बाई, तुम्ही आधी का नाही सांगितलं? तुम्ही तर पेज करत होता, लेप लावत होता."

बाई कोतवालिणीशेजारी खाली टेकली आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाली, "मलेच कुठी मालूम होतं? आतापरेंत आली ते पिल्लं आईपासून उचलून आली. आईले तिचं काम करू देऊन पाह्यलंच नाई कोनं."

चाळीस वर्षांची विद्या आणि तिच्यात मधोमध भोक. मी खूप हसायच्या तयारीत होतो, पण तिचा चेहरा पाहून परात घासायला घेतली.

लेप गेला, परात गेली. माझं औषध उतरल्यावर बाई कोतवालिणीला दोन वेळा मऊ भात आणि सुकी मासोळी पोटभर घालू लागली. तसाच भात मासोळीत कुसकरून, कोमट करून, कोतवालीण जिथं टाकायची तिथंच, जमिनीवर, तिच्या टाकलेल्याच्या शेजारी ठेवू लागली. पिल्लं आईचं खाता खाता बाईचं खाऊ लागली, आणि कुठून कुठं गेली हे त्यांनाही कळलं नाही. आठ दिवसांत सहाही जण असे जेवायला लागले की बाईचा कोंबडा सुद्धा छपरावर राहायला गेला. होळीला बाईनं पुरणाची एक पोळी मला दिली आणि अर्धी कोतवालिणीला. "तिचं काम जास्त," असं सांगून दिली, पण मग मोठा वाटा मला कसा, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मोह पडू लागला. पहिल्या दिवशी पाच बायका आणि कोतवालीण तांबडं फुटता गेल्या आणि तासाभरात रिकाम्या टोपल्या घेऊन परत. कोतवालीण पायावर बसली. "थो हाय," बायका कुजबुजल्या आणि दिवसभर घराबाहेर पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. झाडाखाली पोचल्या, ओंजळभर फुलं वेचली नाहीत तोच कोतवालीण येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. आणि दुसऱ्या आळीतल्या बायका रोज भरल्या टोपल्या डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून जात होत्या.

तिसऱ्या दिवशी बाईच्या अंगणात सभा भरली. आळीत इंदू म्हणून एक बाई होती, जीभ अशी की तिनं लिंबू नुसतं बघितलं तरी पिळलं जाई.

"भागरताबाई, तुही कुत्री आपल्याले येड्यात काढून राह्यली," इंदू म्हणाली. "पाह्यलं का घरी आल्यावर ते काय करते? पिल्लायकडं पळते अन् आडवी पडते. पिल्लायचं पोट मासोळीनं टम्म, तरी पाजते. तिले घरी याचं असते. पायावर बसली का आपन घरी चालतो, हे तिले समजलं."

"कुत्री खोटं बोलन?" बाई म्हणाली.

"काऊन नाई बोलन? तुह्या घरात राहते."

सगळ्या हसल्या. रेवता हसली नाही. ती म्हणाली, "बाई, आपन पिल्लायचं तोडलं. तिचं तुटलं का?"

अंगणात कोतवालीण सहा पिल्लांखाली दबून पडली होती आणि डोळे मिटून हसत होती. कुत्री हसते का? ही हसत होती.

इंदू उठली. "उद्या मी जाते. बसली त बसू दे. मी काई परत येत नाई."

"अन् उद्याच खरी बसली तर?" रेवतानं विचारलं.

खरं बसणं आणि खोटं बसणं, दोन्हीत कुत्री तीच, पाय तोच, गुपचूप येणंही तेच. चार खोट्यांमधे एक खरं आलं तर ओळखायचं कसं? सगळ्यांनी भागरताबाईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कोंबड्याकडे बघितलं.

"समजून नाई राह्यलं," बाई म्हणाली. "पन इंदे, तू एकटी नोको जाऊ. उद्याच्या दिवस माह्यासंग चाल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाई निघाली तेव्हा तिच्या डोक्यावरच्या टोपलीतून सहा तोंडं बाहेर डोकावत होती.

"हे काय वो?" इंदू ओरडली. "पाळना पन घ्या लागत होता!"

"तिचं घर मी डोक्शावर घेतलं," बाई म्हणाली. "आता ते घरी कायले जाईन? आता बसली त खरी बसन." आणि माझ्याकडे वळून, "मामा, काठी घे. चाल."

अशा रीतीनं सहा पिल्लं, पाच बायका, एक कुत्री आणि एक सरकारी कर्मचारी जंगलात शिरले.

मोहाखाली पोचलो. पिवळसर फुलांचा सडा पडला होता आणि वास असा गोड, की नुसत्या श्वासानं माझं वजन वाढलं असेल. बाईनं पिल्लं खाली सोडली. ती हुंगत हुंगत फिरली, आणि पांढऱ्या बोटांच्या त्या भाच्यानं एक फूल तोंडात घेऊन चावलं. मग दुसरं. बाकीचीही सुरू झाली. बाई वाकली ती तशीच राहिली. "हे कोनं शिकवलं? आईनं नाई, मी बी नाई." मी म्हणालो, "मामानं." तिनं लक्ष दिलं नाही.

कोतवालीण निवांत होती. इकडे हुंगायची, तिकडे लोळायची. पाव टोपली भरली, अर्धी भरली. इंदूला जोर चढला. "पाह्य आता! पिल्लं जवळ आहेत त वाघच नाई! तीन दिवस फसवलं रांडीनं!" तिनं जंगलात त्याचं नाव घेतलं म्हणून रेवतानं तिला चिमटा काढला. पण आता सगळ्याच हसत होत्या, आणि बाईही हसत होती, जरा ओशाळून.

तेवढ्यात कोतवालीण उठली. एक पिल्लू तिला लोंबकळलं, ते चार पावलं फरफटत आलं आणि गळून पडलं. तिनं वळून पाहिलं नाही. बाकीच्या पिल्लांमधून सरळ चालत आली आणि भागरताबाईच्या उजव्या पायावर बसली.

इंदूचं हसणं तोंडातच वाळलं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. चौघी टोपल्या उचलून मागं मागं सरू लागल्या. मी कसा सरलो ते सांगत नाही. एवढंच सांगतो की माझी काठी तिथं राहिली आणि मी चाळीस पावलांवर एका ऐनाच्या झाडाआड सापडलो.

तिथून पाहिलं. बाईचा एक पाय कुत्रीखाली. तो ती काढत नव्हती. त्याच पायावर वळून, वाकून, हात लांब करून एकेक पिल्लू टोपलीत घालत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावं, पांढऱ्या बोटांचं, तिच्या हातापासून दीड हात लांब, पाठमोरं बसून फूल चघळत होतं. हाक मारायची सोय नव्हती. समोरची झुडपं गप्प होती, आणि जंगलातलं पाखरूनपाखरू गप्प होतं.

बाईनं टोपलीतलं एक मोहफूल उचललं आणि पिल्लाच्या जरा अलीकडे टाकलं. त्यानं वळून ते खाल्लं. दुसरं आणखी अलीकडे. तिसरं. असं सात-आठ फुलांवरून ते आईकडे न बघता, आईच्या अंगावरून चढून, बाईच्या हातात आलं. तिनं ते टोपलीत ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि अगदी हलक्या आवाजात कोतवालिणीला म्हणाली, "उठा जी आता."

ती उठली. दोघी मागं मागं चालत आमच्यापर्यंत आल्या. कोतवालीण शेवटी.

तो होता का? मी गावात सहा महिने सांगत होतो की होता, नऊ फूट होता, आणि मीच त्याला नजरेनं धरून ठेवला होता. खरं विचाराल तर झुडपामागं मला काहीतरी केशरी दिसलं. ते दिवस पळस फुलण्याचे. पळस होता की तो, देव जाणे. दुपारी एका वनरक्षकानं ओढ्याच्या वाळूत ठसे पाहिले. आजचे की कालचे, त्यालाही सांगता येईना. मी बाईला विचारलं, "खरं सांगा, होता का हो?"

"मले काय मालूम? मी पिल्लं पाहत होती."

पुढं महिनाभर टोपली रोज जंगलात गेली. कोतवालीण आणखी एकदा बसली. इंदू सगळ्यात आधी निघाली. मोह संपला तशी बाईनं पिल्लं एकेका घरी दिली, आणि शेवटी पांढऱ्या बोटांचं एकटंच उरलं.

मे महिन्यात माझी कुरखेड्याला बदली झाली. तेंदूपत्त्याचे दिवस, विडीची पानं तोडायला बायका पुन्हा जंगलात. बाई फाट्यापर्यंत मला पोचवायला आली, कोतवालीण मागून. एसटी आली तशी बाईनं ते पिल्लू माझ्या हातात दिलं. "घे. भाचा मामाच्या घरी." मी पायरीवर चढलो. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, आणि बाईनं दोन पावलं धावून माझ्या हातातून पिल्लू काढून घेतलं.

"अहो बाई, दिलं ना मला?"

"देलं होतं. पन तेंदू सुरू हाय ना भाऊ. हा गेला त ते पुन्हा खोटी बसन!"

मी कोतवालिणीकडे पाहिलं. ती सडकेच्या कडेला पाय वर करून कान खाजवत होती. महिन्याभरापासून ती त्या पिल्लाला जवळ येऊ देत नव्हती. आलं तर गुरगुरायची. मग खोटी बसणार होती ती कोणासाठी? हे मला विचारायचं होतं, पण गाडीनं वेग घेतला आणि दारात मी नुसता लोंबकळत राहिलो.

बाई वळून गावाकडे चालायला लागली होती. चालता चालता तिनं पदराची गाठ सोडली, भाकरीचा तुकडा काढला, स्वतःच्या दातांनी चावून चावून मऊ केला आणि खांद्यावरच्या पिल्लाच्या तोंडात घातला. त्या पिल्लाला तेव्हा सगळे दात आले होते.